लेकीचे कपडे घ्यायला निघालात? आधी तिला उकिडवं बसवा

माझी लेक साडेपाच वर्षांची होईपर्यंत तिचे कपडे येतात कुठून, हे मला ठाऊक नव्हतं. कपाट उघडलं की असायचे. मग बायकोची बदली नागपूरला झाली, आम्ही दोघं पुण्यात उरलो आणि शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात लक्षात आलं की पोरीची एकही हाफ पँट कमरेत बसत नाहीये. ऑफिसातून निघालो, एका मोठ्या दुकानात शिरलो आणि पाऊण तासात ३,२०० रुपये मोजून चार कपडे घेऊन आलो. त्यातले तीन फुकट गेले. जीन्स इतकी घट्ट की तिला मांडी घालता येईना. नेटचा स्कर्ट टोचतो म्हणून तिने दहा मिनिटांत काढून टाकला. आणि तिसरा, सगळ्यात देखणा, अख्खा एका तुकड्यातला रॉम्पर. शाळेत रंगीत कपड्यांचा दिवस होता, तेव्हा तोच घालून पाठवला. दुपारी ती दप्तरातल्या जादाच्या कपड्यांत घरी आली. रागावली नव्हती, रडलीही नव्हती. एवढंच म्हणाली, "बाबा, चेन मागे होती."

तेव्हापासून दोन वर्षांत जे शिकलो ते लिहून ठेवतोय. नव्या आईबापांसाठी, माझ्यासारख्या उशिरा जागे झालेल्या बापांसाठी आणि भाचीला वाढदिवसाला 'काहीतरी छानसं' न्यायचं ठरवलेल्या मामांसाठीही. मुलीचं वय साधारण ३ ते १० धरलंय.

आधी दुकान नाही, कपाट

रविवारी सकाळी तिचं सगळं कपाट पलंगावर उपसा आणि तीन ढीग करा. ती स्वतःहून ओढून घालते ते एकीकडे. आपण मागे लागल्याशिवाय अंगाला लावत नाही ते दुसरीकडे. आणि किमतीचं लेबलसुद्धा निघालेलं नाही ते तिसरीकडे. आमच्याकडे दुसऱ्या ढिगात अकरा फ्रॉक निघाले, जवळजवळ सगळे आहेराचे. पहिल्या ढिगात विटलेले चार टी-शर्ट आणि मावसभावाची जुनी, दोन बाजूंना खिसे असलेली खाकी हाफ पँट.

शिकायचं ते या पहिल्या ढिगाकडून. तिला विचारा, हेच का? मुलं मुद्द्याचं बोलतात: 'हे टोचत नाही', 'यात पळता येतं', 'याचं बटण मला लागतं'.

मग हिशोब करा. शाळेला गणवेश असतो, म्हणजे प्रश्न संध्याकाळचा आणि सुट्टीचा. एक दिवसाआड कपडे धुतले जात असतील तर पाच-सहा टी-शर्ट, चार हाफ पँट किंवा थ्री-फोर्थ, दोन लेगिंग्ज किंवा ट्रॅक पँट, तीन साधे सुती फ्रॉक, आठ-दहा निकर आणि पाच शमीज एवढ्यात वर्ष आरामात निघतं. वर सणाचे एक-दोन आणि एक स्वेटर. आमचा सगळा खर्च उलटा व्हायचा: सणाचे सहा आणि निकर चार.

माप

वयावरून कपडे घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलीची मधली उंची १०९ सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नऊ-दहा सेंटिमीटरचा फरक सर्वसामान्य धरला जातो. म्हणजे एकाच बालवाडीतल्या दोन धडधाकट मुलींत वीतभर अंतर असू शकतं. अशा दोघींना '४-५ वर्षे' लिहिलेला एकच फ्रॉक कसा बसणार?

दाराच्या चौकटीला टाच टेकवून उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं ठेवा, पेन्सिलने खूण करा. मग छाती, कंबर, खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची लांबी, कमरेपासून घोट्यापर्यंतची लांबी. आणि एक माप जे कुणीच घेत नाही: टेप एका खांद्यावरून पुढे खाली, दोन पायांमधून मागे, पाठीवरून परत त्याच खांद्याला. डंगरी, रॉम्पर, पोहण्याचा पोशाख हे सगळे या मापात अडकतात. पायाची लांबी बरोबर असते, पण धडात कपडा काचतो आणि मूल दिवसभर मागून ओढत बसतं. हे सगळं फोनमध्ये तारखेसकट लिहून ठेवा आणि चार महिन्यांनी पुन्हा मापा.

लेबलांच्या तीन भाषा असतात. जुन्या दुकानांत २०, २२, २४, २६ असे नंबर. ते दुकानागणिक, कारखान्यागणिक बदलतात, त्यामुळे नंबरावर विसंबू नका, कपडा उलगडून टेप लावा. बऱ्याच ब्रँडवर वय लिहिलेलं असतं, ते वर सांगितलंच. तिसरी भाषा सरळ आहे: १०४, ११०, ११६ अशी सेंटिमीटरमधली उंची. युरोपातल्या कंपन्यांच्या कपड्यांवर ती असते आणि दाराच्या चौकटीवरच्या खुणेशी थेट जुळते. अमेरिकेतल्या आत्याने पाठवलेल्या कपड्यांवर '३टी', '४टी' दिसलं तर तो टी म्हणजे अगदी छोट्यांचा, डायपर मावेल अशा घेराचा कपडा. नुसता ४ हा वेगळा.

दुकानदार म्हणतोच, "वाढत्या अंगाचं घ्या साहेब." अर्धं खरं आहे. चार ते दहा या वयात मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे फ्रॉक, टी-शर्ट, स्वेटर एक नंबर मोठा घेतला तर काही बिघडत नाही. बाही दुमडता येते. पण गळा आणि कंबर वाढत्या अंगाची चालत नाही. मोठा गळा खांद्यावरून घसरतो, सैल पँट पळताना एका हाताने धरावी लागते, आणि मग झाडावर चढायला एकच हात उरतो. कमरेच्या आतून काजं असलेली इलास्टिकची पट्टी आणि दोन्ही बाजूंना बटण असलेल्या पँट मिळतात. त्या शोधा, दीड वर्ष पुरतात.

दुकानातली परीक्षा

पोरीला सोबत न्या. कपडा अंगावर चढला की आरशासमोर उभं करू नका. आरशासमोर सगळेच कपडे चांगले दिसतात. त्याऐवजी चार गोष्टी करायला सांगा.

उकिडवं बस. मागून कंबर उघडी पडते का, गुडघ्यापाशी कापड ताणतं का, फ्रॉक पायाखाली येतो का, तिथल्या तिथे कळतं. आमच्याकडे ही पहिली परीक्षा असते आणि निम्मे कपडे इथेच नापास होतात.

दोन्ही हात सरळ वर कर. फुग्याच्या बाह्यांचं इलास्टिक दंडाला रुतत असेल तर तोंड वाकडं होतं. टी-शर्ट बेंबीच्या वर गेला तर तो आत्ताच आखूड आहे, दोन धुण्यांनंतर आणखी आटेल.

त्या खांबापर्यंत पळून ये.

आणि शेवटचं, रॉम्परने शिकवलेलं: शू लागलीये असं समज आणि एकटीने सोडून दाखव. मागची चेन, छोटे हूक, पाठीवर बांधायचे बंद, ताठ काजातून न निघणारं जीन्सचं बटण, हे सगळं सहा वर्षांखालच्या मुलीसाठी बाद. शाळेतल्या मावशींच्या हाताखाली चाळीस पोरं असतात. आठ वर्षांच्या मुलीला मदत मागायची लाज वाटते, ती धरून ठेवते, आणि धरून ठेवायची सवय लघवीच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण देते. एवढं एकच वाक्य या लेखातलं लक्षात ठेवलंत तरी माझे ३,२०० वसूल झाले.

सेल्समन थोडा गोंधळतो. गोंधळू द्या.

परीक्षा पास झाली की कपडा उलटा करा, कारण मुलीच्या अंगाला उलटी बाजू लागते. टिकल्या, भरतकाम, छापलेलं रबरी चित्र असेल तर त्याच्या मागून हात फिरवा. दोऱ्यांची टोकं खरखरीत लागली तर मागे मऊ अस्तर हवंच. शिवणीत माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं जादा कापड, किती ठेवलीये ते बघा. अर्धा सेंटिमीटरपेक्षा कमी माया आणि त्यावर ओव्हरलॉक असेल तर पहिल्या घसरगुंडीला उसवणार. काखेत आणि पँटच्या मधल्या जोडाला दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकं ताणा. टिपांमधून उजेड दिसला तर ठेवून द्या. मानेमागचं लेबल घरी आल्यावर उसवून काढा, कात्रीने कापू नका. राहिलेली कडा जास्त टोचते.

रंग जातो का हे बघायला पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर चोळा. दुकानदाराला आवडत नाही, पण लाल आणि निळ्या कपड्यांना मी हे न चुकता करतो. 'प्युअर कॉटन साहेब' म्हणतात त्यात पॉलिस्टर नाही ना, हे मात्र घरीच कळतं. मायेतून एक धागा ओढा, चिमट्यात धरा, सिंकवर काडी लावा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मिश्र असेल तर दोन्हीचं थोडं थोडं दिसतं. माझी आई हे नुसत्या चुरगाळण्यावरून ओळखते. मला अजून काडी लागते.

टोपीवाल्या जर्किनला किंवा स्वेटशर्टला गळ्याशी नाडी असेल तर घरी येताच ओढून काढून टाका. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीत आणि गळ्याशी नाडी ठेवायला मानकानुसार परवानगीच नाही, कारण ती घसरगुंडीच्या फटीत किंवा बसच्या दारात अडकते. आपल्याकडे सर्रास मिळते.

खिसे आणि शेजारचा विभाग

एका संध्याकाळी दुकानात मी सहा वर्षांच्या मुलीच्या जीन्सच्या खिशात बोटं घातली. दुसऱ्या पेरापर्यंत गेली आणि थांबली. दुसऱ्या एका पँटचा खिसा तर नुसती शिवलेली रेघ होती. चार पावलांवर मुलग्यांच्या रांगेत त्याच वयाच्या पँटच्या खिशात माझा पंजा मनगटापर्यंत गेला. हाफ पँटचंही तेच. मुलींची मांडीच्या मध्यावर संपते, मुलग्यांची गुडघ्याला टेकते. कापडही बहुधा जाड असतं.

मी तिथलीच दोन उचलली. सेल्समन धावत आला.

"साहेब, हा बॉईज सेक्शन आहे."

"हो. हिला खिसा पाहिजे."

"पण गर्ल्समध्ये पिंक आहे ना यात."

लेकीने परस्पर उत्तर दिलं, "पिंकमध्ये चेंडू बसत नाही."

तेव्हापासून रोजच्या हाफ पँट, ट्रॅक पँट, साधे टी-शर्ट आणि स्वेटर आम्ही मुलग्यांच्या रांगेतून घेतो. मुली सहा-सात वर्षांच्या असेपर्यंत अंगलटीत असा काही फरक नसतो की कपडा बसू नये. नातेवाईक विचारतात. त्यांना मी आठवण करून देतो की आपण सगळे आजीच्या जुन्या लुगड्याच्या झबल्या-टोपड्यांत वाढलो आणि ती शिवताना मुलगा की मुलगी हे कुणी विचारत बसलं नाही.

फ्रॉक आवडत असेल तर जरूर घाला, माझ्या मुलीला आवडतो. आतून सुती सायकलिंग शॉर्ट घातली की प्रश्न मिटतो. मग कुणाला 'पाय मिटून बस' म्हणावं लागत नाही. तुळशीबागेत होजिअरीच्या दुकानांत अशा शॉर्ट मिळतात. पांढरी आणि त्वचेच्या रंगाची घेऊ नका, काळी आणि गडद निळी घ्या.

कुठे काय मिळतं

पुण्याचं मला जास्त माहीत आहे. निकर, शमीज, लेगिंग्ज, सायकलिंग शॉर्ट असा आतला माल तुळशीबागेत. मंगळवार-बुधवारी दुपारी जा, रविवारी संध्याकाळी मूल घेऊन जाऊ नका. तयार फ्रॉक आणि सणाचे कपडे लक्ष्मी रोडला. शिवायला कापड हवं असेल तर रविवार पेठ. तिथे ठोक व्यापारी आहेत, पण बरेच जण मीटरवर देतात. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला टी-शर्ट स्वस्त पडतात, पण तिथे घालून बघायची सोय नसते, म्हणून फोनमधली मापं आणि खिशातली टेप लागते. मुंबईकरांना दादर आणि कापडासाठी हिंदमाता किंवा मंगळदास मार्केट सांगायला नको. नागपुरात बायको सीताबर्डीवरून घेते. कोल्हापुरात महाद्वार रोड, गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. गावच्या आठवडी बाजाराला नाकं मुरडू नका. साधी सुती परकर-चड्डी आणि कानटोपी तिथे मिळते तशी मॉलमध्ये मिळत नाही.

'तिरुपूरचा एक्स्पोर्टचा माल' असं लिहिलेली दुकानं आणि तात्पुरती प्रदर्शनं लागतात. होजिअरीचा माल तिरुपूरला मोठ्या प्रमाणात बनतो हे खरं, आणि परदेशी मापातले उरलेले टी-शर्ट खरोखर चांगले निघतात. पण ते उरलेले का, हे शोधून घ्यायचं. एक बाही तिरकी, बटण गायब, छापील चित्र सरकलेलं. चित्र सरकलेलं चालतं, बाही तिरकी नाही.

वेळ साधायची तर आषाढ. लग्नसराई थांबलेली असते, दुकानं ओस असतात आणि सेल लागतात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फक्त नाइलाज असेल तरच जावं.

ऑनलाइन घेताना मॉडेल मुलीचा फोटो सोडा, मापांचा तक्ता उघडा आणि सेंटिमीटर जुळवा. लोकांनी टाकलेले फोटो बघा. परत करायची मुदत बघा. बाकी काही नाही.

वयाला शोभेल म्हणजे काय

इथे मला दोन्ही बाजूंकडून ऐकून घ्यावं लागतं, म्हणून थोडं सविस्तर.

एका बाजूला बाजार आहे. सहा वर्षांच्या मुलीसाठी खांदे उघडे टाकणारा टॉप, पाठीवर फक्त बंद असलेला गाऊन, उंच टाचेच्या चपला, आणि मी स्वतः बघितलेला, आठ वर्षांच्या मापाचा पॅड घातलेला टॉप. मोठ्या बाईचा कपडा इस्त्रीखाली आटवून छोटा केल्यासारखा. माझी हरकत अंग दिसण्याला नाही. उन्हाळ्यात बिनबाह्यांचा सुती फ्रॉक हा लहान मुलीसाठी उत्तम कपडा आहे, त्यात तिचे हातपाय मोकळे असतात. हरकत याला आहे की असे कपडे सारखे सावरावे लागतात. खांदा वर ओढ, पाठ झाक, हळू चाल. खेळायच्या वयात पोर स्वतःकडे बाहेरून बघायला शिकते.

दुसऱ्या बाजूला घरातली वडीलधारी मंडळी. 'आता मोठी झाली, फ्रॉक पुरे' हे आमच्याकडे सातव्या वाढदिवसाला ऐकू आलं. त्यांच्या कपड्यांतही तीच गत: कडक ओढणी, पायात येणारा घोळदार घेर, हळू चाल. दोन्हीकडून सल्ला एकच निघतो, की पोरीने जपून बसावं. म्हणून मी आवडीनिवडीवर वाद घालत नाही, उकिडवं बसायची परीक्षा पुढे करतो. आईसुद्धा ती मान्य करते, कारण तिच्या काळी चुलीपुढे उकिडवं बसता न येणारा कपडा कुणी शिवलाच नसता.

टी-शर्टवरचं इंग्रजी वाचा. आपण चित्र बघून घेतो आणि पोरीच्या छातीवर काय लिहिलंय ते शाळेतल्या बाई वाचतात. २०११ मध्ये अमेरिकेत जे. सी. पेनी या दुकानांच्या साखळीने मुलींसाठी एक शर्ट आणला होता. त्यावर, मी इतकी सुंदर आहे की गृहपाठ कशाला करू, भावाने करून द्यावा, अशा अर्थाचं वाक्य होतं. आईबापांनी गदारोळ केल्यावर तो मागे घेतला. आपल्या फुटपाथवर त्याचे चुलतभाऊ अजून मिळतात. डायनासोर, आगगाडी, ग्रह असलेले टी-शर्ट हवे असतील तर, पुन्हा, शेजारचा विभाग.

आठ-नऊ वर्षांच्या मुलींचं वेगळं सांगतो, कारण बाप मंडळी हा विषय टाळतात. मुलींत वयात येण्याच्या खुणा ८ ते १३ या वयात केव्हाही सुरू होतात आणि पहिली खूण बहुतेकदा छातीत दुखरी गाठ येणं ही असते. अचानक ती आवडता टी-शर्ट नाकारते, पोक काढून चालते, गरमीत जर्किन घालते. तेव्हा 'काय नखरे' म्हणू नका. दुहेरी कापडाची, शिवण नसलेली सुती शमीज किंवा बिनपॅडची साधी स्पोर्ट्स स्लिप आणा, तीन-चार आणा आणि गडद किंवा चित्रांचे टी-शर्ट तिला निवडू द्या. आम्ही अजून तिथे पोचलेलो नाही. माझ्या बहिणीच्या मुलीसाठी हे आणायची वेळ आली तेव्हा शिकलो. या खुणा आठच्या आत दिसल्या तर मात्र कपड्यांवर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

शिवून घेणं

चार दुकानं फिरूनही मिळालं नाही तर शिवून घ्या, स्वस्त पडतं. आमच्या गल्लीत एक काकू ब्लाउज-फॉल करतात. "पोरींचे फ्रॉक आता कोण शिवून घेतं हो?" असं म्हणत पहिला फ्रॉक शिवला, ३५० रुपये शिलाई. तो दोन वर्षं चालला.

कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. गुडघ्यापर्यंतच्या, माफक घेराच्या फ्रॉकला सहा वर्षांच्या मुलीसाठी ४४ इंची पन्ह्यात दीड मीटर पुरतं, ३६ इंचीत दोन लागतात. पॉपलिन किंवा केंब्रिक रोजच्यासाठी, अस्तराला मलमल. शिवायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात ठेवून वाळवून द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात दोन बोटं आटतं. आजीची विरलेली नव्हे, पण मऊ झालेली सुती साडी मिळाली तर याहून चांगलं कापड नाही. एका साडीत दोन फ्रॉक निघून वर उशीचा अभ्रा होतो.

काकूंना सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं ब्लाउजांच्या गर्दीत हरवतं. बाजूच्या शिवणीत एक-एक इंच माया. खाली तीन इंच दुमड, दरवर्षी एक इंच उसवायला. दोन्ही बाजूंना शिवणीत खिसे, तिच्या मनगटापर्यंत खोल. काज-बटणं पुढे, मोठी, चार. गळ्याला जरी नको. गळ्याच्या बाबतीत काकूंनी मला एकदा थांबवलं होतं. मी गळा बंद सांगितला होता. त्या म्हणाल्या, "दादा, हिचं डोकं बघा केवढं आहे. दोन इंच उघडा ठेवते, नाहीतर रोज रडारड." बरोबर होतं. मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. डोक्याचंही माप घ्यायला हवं होतं, ते माझ्या यादीत नव्हतं. तुमच्या यादीत घाला.

सण

खणाचं परकर-पोलकं सुंदर दिसतं यात वाद नाही, पण नाडीचा परकर घसरतो आणि घट्ट बांधला तर कमरेवर वळ उठतो. परकर आतल्या सुती बंडीला जोडून शिवायला सांगा, वजन खांद्यावर येतं, मग पोर फुगडीसुद्धा घालते. लांबी घोट्याच्या चार बोटं वर. जिन्यात पडण्यापासून वाचते. बाजारात खण म्हणून बराच पॉलिस्टर मिळतो. वर सांगितलेली काडीची परीक्षा इथेही चालते.

दिवाळीबाबत मी हट्टी आहे. नेट, सॅटिन, खाली कॅनकॅन, म्हणजे घेर फुलवणारी कडक जाळी, लावलेले फुगीर गाऊन हे पॉलिस्टर-नायलॉनचे असतात. ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतात, आणि घेर पसरट असल्याने पणती कुठे आहे हे मुलीला कळत नाही. सूतही पेट घेतं, पण वितळत नाही. तेव्हा फराळाला गाऊन, फुलबाज्यांना अंगाबरोबरचा सुती कुडता-पायजमा आणि पायात बूट. बदलायला पाच मिनिटं लागतात.

स्नेहसंमेलनाचे कपडे विकत घेऊ नका. भाड्याने मिळतात. आत आपली सुती शमीज घाला.

पावसाळा आणि धुणं

जून ते सप्टेंबर जीन्स कपाटात राहू द्या, तीन दिवस वाळत नाही आणि कुबट वास येतो. पातळ होजिअरी, झटकन वाळणाऱ्या हाफ पँट. निकर अर्धवट ओली कधीच घालू नका, मांड्यांत खाज येते. वाळली नसेल तर इस्त्री फिरवा. रेनकोट दप्तरासकट झाकणारा आणि पुढून बटणांचा.

आखूड झाल्यावर

आमच्या इमारतीत तीन मुली पाठोपाठच्या वयाच्या आहेत. पिशवी चौथ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर येते, आमच्याकडून तळमजल्यावर जाते. नियम दोनच: निकर देत-घेत नाही, आणि डाग किंवा भोक असेल तर पिशवीत टाकत नाही. गुडघ्यावर फाटलेल्या ट्रॅक पँटची हाफ पँट होते, कात्री आणि एक टीप. त्याहून गेलेले सुती कपडे आई नेते, गोधडीला. बोहारीण अजून आमच्या भागात येते, पण ती साड्या आणि पँट बघते, लहान मुलांच्या कपड्यांना तिच्याकडे मोल नाही, वाटीसुद्धा देत नाही.

पिशवी खाली पाठवण्याआधी खिसे उलटे करून बघा. गेल्या वेळी खाकी हाफ पँटमधून गुलमोहराची अर्धी शेंग, बसचं तिकीट आणि माझी हरवलेली टेप निघाली.